रानचे वैद्यक, गुरांचे दप्तर

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सरहद्दीला टेकून, आपला अख्खा पुणे जिल्हा पोटात घेऊन वर जागा उरेल एवढे विस्तीर्ण क्रूगर राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर असून, कायद्याने त्याची स्थापना १९२६ साली झाली असली, तरी त्याच्या दक्षिण भागाला राखीव रानाचा दर्जा १८९८ पासूनच मिळालेला होता. या उद्यानाच्या पश्चिम हद्दीवर ऑर्पेन नावाचा दरवाजा आहे, त्याच्या निकट हान्स होहाइझेन यांच्या नावाचे वन्यजीव संशोधन केंद्र आहे, आणि केंद्राच्या पलीकडे, तारेच्या कुंपणाबाहेर, म्निसी या परंपरागत जमातीची गावे, त्यांची गुरे आणि त्यांची मक्याची शेते लागतात. एका बाजूस सिंह-गेंड्यांचे रान आणि दुसऱ्या बाजूस गाई-शेळ्यांचा गोठा, अशी ही रचना असल्यामुळे वन्यप्राण्यांच्या आरोग्याचे शास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांना याहून सोईची जागा पृथ्वीवर क्वचितच सापडेल. आणि म्हणूनच या टापूत आणि त्याला लागून असलेल्या खाजगी राखीव रानांत परदेशी पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी काही आठवड्यांचे क्षेत्रीय अभ्यासक्रम चालविले जातात.

आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही या अभ्यासक्रमांच्या जाहिराती आता घरबसल्या दिसतात. त्यांत बहुधा एकच चित्र असते: डोळ्यांवर पट्टी बांधलेला गेंडा, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून हसणारे चार तरुण. चित्र खोटे नाही. परंतु त्या चित्रातला प्रसंग वीस मिनिटांचा असतो, आणि दिवस चौदा तासांचा. उरलेल्या वेळात काय घडते, हे वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पुढे वर्णिलेला दिवस कोणा एका व्यक्तीचा नव्हे. असे दिवस ज्या शिरस्त्याने जातात तो शिरस्ता एका कल्पित विद्यार्थिनीच्या आधाराने सांगितला आहे.

तिचा दिवस अंधारात सुरू होतो. आफ्रिका म्हणजे उकाडा, अशा समजुतीने केवळ सुती कपडे घेऊन आलेल्या मनुष्याची जून-जुलैच्या पहाटे तेथे चांगलीच फजिती होते, कारण तो तिकडचा हिवाळा असतो आणि उघड्या गाडीतून जाताना बोटे बधिर होतात. प्राणी पकडण्याचा मोसमही हाच, आणि त्याचे कारण शास्त्रीय आहे. औषधाने गुंगलेल्या मोठ्या जनावराच्या शरीरातील उष्णता नियंत्रित करणारी यंत्रणा शिथिल पडते. त्यात पळण्याच्या श्रमाची भर पडली की ताप झपाट्याने चढतो, आणि तो ४१ अंशांच्या पुढे गेला की जनावर दगावण्याची भीती उभी राहते. म्हणून काम थंडीत करावयाचे आणि तेही सूर्य वर येण्यापूर्वी उरकावयाचे, असा दंडक आहे. ताप उतरविण्यासाठी गाडीत पाण्याची पिंपे भरून घेतलेली असतात, आणि ती भरली आहेत की नाहीत हे पाहण्याचे काम सर्वांत नव्या विद्यार्थ्याकडे असते.

चहा होतो न होतो तोच कामाची वाटणी होते. एकाने श्वास मोजावयाचे, एकाने ताप पाहावयाचा, एकाने डोळ्यांची पट्टी आणि कानातले बोळे सांभाळावयाचे, एकाने घड्याळ पाहून प्रत्येक घटना वेळेनिशी लिहून घ्यावयाची. या वाटणीत कोणाला काही क्षुल्लक वाटले, तर ते बोलून दाखविण्याची मुभा नसते. त्यानंतर सर्वजण दूर उभे राहतात, आणि पशुवैद्य व त्याचा एक सहकारी असे दोघेच औषधाच्या पेटीजवळ जातात.

हा भाग विद्यार्थिनीने नीट पाहावा असा असतो. मोठ्या तृणभक्षी प्राण्यांना गुंगविण्यासाठी वापरतात ते एटॉर्फिन हे अफूतील थेबेन या द्रव्यापासून सिद्ध केलेले औषध मॉर्फिनच्या हजारपटींहून अधिक तीव्र आहे. दोन टनांचा पांढरा गेंडा आडवा करावयास त्याचे अवघे काही मिलिग्रॅम पुरतात, आणि ह्याच हिशेबाने मनुष्याच्या खरचटलेल्या कातडीवर किंवा डोळ्यात उडालेला थेंबही प्राणघातक ठरू शकतो. म्हणून ते कोणीही एकट्याने हाताळावयाचे नाही, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कुपी उघडावयाची नाही, आणि माणसाला द्यावयाचा उतारा हाताशी ठेवल्याखेरीज तर औषधाला स्पर्शही करावयाचा नाही. हे औषध भरून जनावरावर मारावयाच्या बाणाच्या सुईला टोकाशी छिद्र न ठेवता ते बाजूस ठेवलेले असते व त्यावर रबरी बोंडी चढविलेली असते. सुई कातडीत शिरताच बोंडी मागे सरकते आणि आत दाबून भरलेल्या हवेच्या जोराने औषध मांसात जाते. उपसलेल्या प्रत्येक अंशाची नोंद वहीत होते, शिल्लक पडताळली जाते, आणि रिकामी कुपीसुद्धा हिशेबात धरली जाते. सरकारी खजिन्यातील रोकड ज्या काटेकोरपणे मोजली जाते तो काटेकोरपणा येथे एका पेल्याच्या तळाशी मावणाऱ्या द्रवासाठी पाळला जातो, हे पाहिल्यावर जाहिरातीतल्या चित्रामागची शिस्त विद्यार्थिनीच्या प्रथमच ध्यानात येते.

हेलिकॉप्टर उठते. बाण गेंड्याच्या पार्श्वभागावर बसला की काही मिनिटांत त्याची चाल बदलते; तो पुढचे पाय अकारण उंच उचलून टाकू लागतो, मग अडखळतो, आणि अखेर थबकून बसकण मारतो. गाड्या धावतात, पट्टी बांधली जाते, कानांत बोळे जातात. आपल्या विद्यार्थिनीच्या वाट्यास श्वास आलेला आहे. ती गुडघ्यांवर बसून त्याच्या नाकपुडीपुढे तळहात धरते, आणि उष्ण, ओलसर वाफ हाताला लागली की मोठ्याने आकडा उच्चारते. हा आकडा सर्वांना ऐकू गेला पाहिजे, कारण एटॉर्फिनचा मुख्य दोष असा की ते श्वासोच्छ्वास मंद करते, आणि पांढरा गेंडा या दोषाला विशेष बळी पडतो. त्याच्या रक्तातील प्राणवायू घटतो, अंगाला कंप सुटतो. दोन आकड्यांतले अंतर वाढू लागले की पशुवैद्य न बोलता दुसरी पिचकारी उचलतो आणि ब्यूटॉर्फेनॉल देतो, जेणेकरून गुंगी थोडी सैल होऊन श्वास सुधारावा. मधल्या अवधीत इतरांनी कानाच्या कडेला ठराविक जागी खाच पाडलेली असते, कारण प्रत्येक जागेला एक अंक नेमून दिलेला असून दुर्बिणीतून त्या खाचा वाचून जनावराची ओळख पटविता येते. कापलेला तुकडा फेकून न देता बाटलीत जातो. शिंगाला भोक पाडून त्यात ओळखचकती बसविली जाते, आणि भोकातून निघालेला भुसाही जपून ठेवला जातो. त्यातील आनुवंशिक द्रव्याची नोंद ऑन्डरस्टेपूर्ट येथील पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत राहते. पुढे कधी हे शिंग कोणा चोराकडे सापडले, तर ते कोणत्या गेंड्याचे हे न्यायालयात सिद्ध करता यावे, ही त्यामागील तजवीज. २०१४ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत शिंगांसाठी १,२१५ गेंडे मारले गेले, असा तेथील सरकारी आकडा आहे. तो पाहिल्यावर ही खबरदारी कोणाला अतिरेकी वाटण्याचे कारण उरत नाही.

कानाच्या शिरेत उतारा टोचला की सर्वांनी मागे हटावयाचे. मिनिट-दोन मिनिटांत गेंडा उठतो, क्षणभर डगमगतो आणि झाडीत निघून जातो.

ज्या गेंड्याचा श्वास तिने मोजला, त्याचे क्रूगरमध्ये असणे हेच मुळी पशुवैद्यकाचे देणे आहे, ही गोष्ट मार्गदर्शक परतीच्या वाटेवर बहुधा सांगतात. पांढरा गेंडा या प्रदेशातून शिकारीपायी पूर्णपणे नाहीसा झालेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या दक्षिणी उपजातीचे काही थोडे जीव केवळ झुलूलँडच्या उम्फोलोझी रानात तग धरून होते. तेथे त्यांची संख्या जपणुकीने वाढल्यावर ते अन्यत्र न्यावयाचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. इयन प्लेयर या वनाधिकाऱ्याच्या पुढाकाराने चाललेल्या मोहिमेत आणि डॉ. टोनी हार्थूर्न यांच्या गुंगीच्या औषधांवरील प्रयोगांत त्याचे उत्तर सापडले, आणि १९६१ पासून उम्फोलोझीचे गेंडे क्रूगरात आणून सोडण्यात आले. याच हार्थूर्नांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. पाठलागाने धास्तावलेले जनावर सुखरूप पकडले गेले तरी पुढे काही दिवसांनी मरते, कारण अतिश्रमाने त्याचे स्नायूच विरघळू लागतात, मूत्र काळपट तपकिरी होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. पकडणाऱ्याचा धसमुसळेपणा हाच येथे रोग. हेलिकॉप्टरने पाठलाग किती मिनिटे करावयाचा याला जी मर्यादा घातलेली असते, ती या ज्ञानातून आलेली आहे.

येथवर वाचकाला हा दिवस जाहिरातीबरहुकूम चालला आहे असे वाटेल. परंतु सकाळचे नऊ वाजण्याच्या सुमारास गाडी कुंपणाबाहेर पडते आणि एका धुळीच्या मैदानात थांबते, तेव्हा पुष्कळ विद्यार्थ्यांचे चेहरे किंचित पडतात. कारण समोर गेंडा नाही, हत्ती नाही, तर साध्या गाई, बैल आणि वासरे रांगेने उभी आहेत. माझ्या मते दिवसाचे खरे शिक्षण येथे आहे.

मैदानात सिमेंटचा एक लांब, खोल हौद बांधलेला असतो. त्यात गोचीडनाशक मिसळलेले पाणी असते, आणि लाकडी कठड्यांच्या अरुंद वाटेने हाकारलेले प्रत्येक जनावर त्यात उडी घेऊन, पोहत, पलीकडच्या उतारावर निथळत चढते. गोचीड ही तेथे क्षुद्र बाब नाही. रानरेड्याच्या रक्तात निरुपद्रवीपणे राहणारा थायलेरिया जातीचा सूक्ष्म जीव गोचिडीवाटे गाईत शिरला, की गाय थोड्याच दिवसांत मरते. हौदापाशी सरकारचा पशुआरोग्य कर्मचारी उभा असतो. 'अवुशेनी' म्हणून त्सोंगा भाषेत सकाळचे अभिवादन झाले, की प्रत्येक मालक आपले पत्रक पुढे करतो. त्यावर त्याच्या गुरांची संख्या लिहिलेली असते. मागील आठवड्यापासून जन्मलेले वासरू, मेलेली गाय, विकलेला बैल यांची त्यावर भर किंवा वजाबाकी होते. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात पिकांची नोंद ज्या निष्ठेने होते, तीच निष्ठा येथे जिवंत जनावरांच्या बाबतीत दिसते, आणि ती दर सात दिवसांनी. एखादे जनावर पत्रकावर आहे पण रांगेत नाही, असे झाले तर ते कोठे गेले याचा जबाब द्यावा लागतो.

हा खटाटोप मुख्यतः लाळ्या-खुरकुतासाठी आहे. क्रूगरमधील रानरेडे या रोगाचे विषाणू वर्षानुवर्षे घशात बाळगून असतात आणि त्यांना स्वतःला त्याचा उपद्रव जाणवत नाही. परंतु तो विषाणू कुंपण ओलांडून गाईत आला, तर तोंडात फोड येतात, खुरांत व्रण पडतात, दूध आटते, आणि देशाच्या मांस-निर्यातीवर परदेशांतून बंदी येते. म्हणून विद्यार्थिनीला सांगितले जाते की, लंगडणारे जनावर दिसले तर बाजूला घे, लाळ गळत असेल तर थांबव, आणि संशय आला तर जबडा उघडून पाहा. ती हातमोजे चढवून एका म्हाताऱ्या गाईची जीभ बाजूस ओढते, हिरड्यांवरून बोट फिरविते, आणि काही आढळले नाही असे सांगते. 'काही आढळले नाही' हीच नोंद त्या सकाळी शेकडो वेळा होते. परंतु रोग नसल्याचा हा दाखला आठवड्यामागून आठवडे मिळत राहतो, म्हणूनच तो ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशी सरकार जागे होते.

मालकांची बाजूही तिने ऐकली पाहिजे. रानालगतच्या या पट्ट्यातील गुरे रोगमुक्त प्रदेशात नेऊन विकण्यास कायद्याने मज्जाव आहे; त्यामुळे चांगला बैलही स्थानिक गिऱ्हाइकाला मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. हत्ती कुंपण मोडतात, त्या भगदाडातून सिंह आणि तरस बाहेर येतात, रानरेडेही येतात. २००० सालच्या महापुरात तर कुंपणाचे मोठमोठे भाग वाहून गेले, आणि त्यानंतरच्या काळात लगतच्या गुरांत लाळ्या-खुरकुताचा उद्रेक झाला. पर्यटकांचा पैसा कुंपणाच्या आत राहावा आणि निर्बंध मात्र बाहेर यावेत, अशी ही वाटणी असल्याची तक्रार मालक करतात, आणि तिला समाधानकारक उत्तर कोणापाशीही नाही. रानातील एखाद्या रोगासंबंधी जो निर्णय घेतला जातो त्याची किंमत पुष्कळदा रानाबाहेरचा मनुष्य देत असतो. ही गोष्ट महाविद्यालयातल्या पुस्तकात येत नाही, ती हौदाच्या कठड्यावर बसून कळते.

आणि रोगांचे हे देणेघेणे एकतर्फी नाही. गाईचा क्षयरोग रानरेड्यांत आला तो गुरांकडून. उद्यानाच्या दक्षिणेस क्रोकोडाइल नदीपलीकडील गुरांपासून तो आत शिरला असे मानतात, आणि क्रूगरच्या रानरेड्यांत त्याचे निदान प्रथम १९९० मध्ये झाले. तेथून तो रानरेडे खाणाऱ्या सिंहांत गेला. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, याहून कितीतरी भयंकर संकट असेच गुरांच्या पावलांनी आले होते. बुळकांडी हा रोग १८८७ च्या सुमारास लाल समुद्राच्या काठी, इरिट्रियाच्या मसावा बंदराकडून, परदेशातून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेत उतरला. ती गुरे हिंदुस्थानातली असावीत असे अनेक इतिहासकार मानतात. खंडाची लांबी तुडवीत तो १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचला, आणि गाई-बैलांबरोबर रानरेडे, कुडू, जिराफ यांची अक्षरशः राखरांगोळी झाली. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट अशी घडली की, ज्यांच्या रक्तावर त्से-त्से माशी जगत होती ते प्राणीच उरले नाहीत, म्हणून ट्रान्सव्हालच्या सखल प्रदेशातून ती माशीही नाहीशी झाली, आणि आज क्रूगर ज्या भूमीवर आहे तेथे ती पुन्हा आली नाही.

या कथेचा एक धागा आपल्या पुण्यात येऊन पोचतो. हिंदुस्थान सरकारने गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी जी साम्राज्य जीवाणु-प्रयोगशाळा काढली, ती १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वर येथे, हलविली गेली. बुळकांडीवर उपाय शोधण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीला बोलाविलेले जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये आजारी जनावराच्या पित्ताची टोचणी सुचवून तेथून निघाले ते थेट मुंबईला, कारण मुंबईत तेव्हा प्लेगने हाहाकार उडविला होता. पुढे मुक्तेश्वरात बकऱ्यांच्या अंगावर वाढवून सौम्य केलेली लस तयार झाली, केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनावर वाढविलेली निर्धोक लस सिद्ध केली, आणि २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून उच्छेदित झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मनुष्याने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग होय. रानातील एकाही रेड्याला लस न टोचता, केवळ गुरांना टोचून, रानही रोगमुक्त झाले, हा त्यातील ध्यानात धरण्याजोगा मुद्दा आहे.

दुपारी जेवणानंतर उन्हाची तिरीप चढते, तेव्हा वनरक्षकाकडून वर्दी येते की एका पाणवठ्याजवळ कुडू मरून पडला आहे. येथे विद्यार्थिनीचा पहिला कल सुरी काढण्याकडे असतो, आणि येथेच तिला थांबविले जाते. फाडण्यापूर्वी रक्त पाहावयाचे, हा क्रूगरचा जुना नियम आहे. कारण त्या रानात, विशेषतः उत्तरेकडील पाफुरीच्या बाजूस, काळपुळी अधूनमधून उद्भवते. आणि काळपुळीच्या जनावराचे पोट उघडले, तर हवेचा संपर्क होताच जंतू बीजाणूंच्या रूपात जातात व मातीत दशकानुदशके टिकून राहतात. ती कानाच्या टोकाला बारीक छेद घेते, आलेला थेंब काचेवर घेते, आणि दुसऱ्या काचेच्या कडेने तो एका झटक्यात पसरविते. पहिली काच जाड होते, दुसरी फाटते, तिसरी जमते. वाळवून, निळा रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता काळपुळी असेल तर चौकोनी टोकांच्या काड्या साखळीने उभ्या दिसतात आणि त्यांच्याभोवती गुलाबी झाक असते. आज त्या नाहीत. मगच शवविच्छेदनाची परवानगी मिळते.

काळपुळीच्या प्रसारात माश्यांचा जो वाटा आहे, तो ऐकून मात्र माझ्यासारखा शास्त्राबाहेरचा मनुष्यही चकित होतो. मृत जनावराच्या रक्तावर पोसलेल्या माश्या जवळच्या झुडपांवर बसून पोटातला जादा द्रव पानांवर टाकतात, आणि ती पाने नेमकी त्या उंचीवरची असतात जेथे कुडूचे तोंड पोचते. त्या साथींत कुडू अधिक का मरतात, याचे उत्तर या माशीच्या सवयीत आहे. गिधाडे शव झटपट संपवितात खरी, पण नंतर पाण्यात आंघोळीस उतरून तेच जंतू पाणवठ्यांत नेतात, असेही तेथील अभ्यासकांना आढळले आहे.

गिधाडांचा विषय निघाला की भारतीय विद्यार्थ्याकडे सर्वजण वळून पाहतात, आणि ते योग्यच आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे आपल्या उपखंडातील गिधाडे कोट्यवधींच्या संख्येने मेली, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. त्याऐवजी गुरांना काय द्यावे हा पेच उरला होता. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, हे आधी दक्षिण आफ्रिकेतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर तपासून पाहण्यात आले, कारण आपल्या दुर्मिळ झालेल्या पक्ष्यांवर प्रयोग करून ते गमावणे कोणालाच परवडणारे नव्हते. २००६ मध्ये भारताने डायक्लोफेनॅकचा गुरांसाठी वापर बंद केला. फणसाडच्या रानात एखादे गिधाड आज घिरट्या घेताना दिसले, तर त्याच्यामागे दक्षिण आफ्रिकेच्या त्या पक्ष्यांचेही थोडे ऋण आहे.

विच्छेदन हे संथ आणि घाणेरडे काम आहे. त्याचे वर्णन लांबविण्यात अर्थ नाही. कधी कुडूऐवजी रानरेडा हाती आला तर घशातील आणि छातीतील लसिकाग्रंथी एकेक करून, पावाच्या कापांइतक्या पातळ चिरून पाहावयाच्या असतात, कारण क्षयाची गाठ एखाद्या मोठ्या ग्रंथीच्या पोटात लपलेली असते. सुरी तिच्यावर आली की आत चुन्याचे खडे असल्याने कर्र असा आवाज होतो आणि पिवळट, भुसभुशीत पू बाहेर येतो. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, असे जाणकार सांगतात. जिवंत रानरेड्यात हेच निदान करावयाचे तर मानेच्या कातडीत क्षयजंतूंचा अर्क टोचून, ७२ तासांनी तेथील कातडीची जाडी मापकाने पुन्हा मोजावी लागते. म्हणजे जे जनावर पाच मिनिटे हाताखाली राहावयास तयार नाही, ते तीन दिवस कोंडून ठेवावे लागते. बाधित निघाल्यास त्याला औषध नाही. गेंड्यांचे ते उम्फोलोझी रान ज्यात येते त्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यानात १९९९ पासून कळप पकडून, तपासून, बाधित रेडे मारण्याचे धोरण चालविले गेले. क्रूगरचा विस्तार आणि तेथील कळपांची संख्या पाहता ते तेथे शक्यच नव्हते.

रात्री जेवणापूर्वी चर्चा होते, आणि विषय बहुधा एकच निघतो: उपचार करावा की करू नये? फासात पाय अडकलेल्या रानकुत्र्याला पकडून तार कापावी याबद्दल कोणाचे दुमत नसते, कारण फास माणसाने लावला. पण दुष्काळात मरणारा हत्ती, काळपुळीने मरणारे कुडू, क्षयाने कोपरे सुजून खंगलेला सिंह यांचे काय? काळपुळी त्या भूमीची जुनी रहिवासी आहे, सबब तिला तिचे काम करू द्यावे. क्षय मात्र माणसाच्या गुरांनी आणला, म्हणून त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे, असा तेथील बहुतेकांचा कौल असतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले, तेव्हा उपाय म्हणून नजर वळली ती भोवतालच्या गावांतील कुत्र्यांच्या लसीकरणाकडे. २०१८ मध्ये आपल्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतही याच विषाणूचा हात आढळला, तेव्हा हा प्रश्न आपल्या अंगणात आला. दया आणि वैद्यक यांच्या वाटा नेहमी एकच नसतात, ही गोष्ट प्राण्यांवरील प्रेमापोटी या विद्येकडे वळलेल्या तरुणांना जड जाते. काहींना ती कधीच पटत नाही. त्यांनी शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढावा, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटचा तास वह्यांचा. सकाळच्या गेंड्याचे श्वास, ताप, औषधाचे अंश, हौदावरील गुरांची संख्या, काचेवरील रक्ताचा निष्कर्ष, प्रत्येकासमोर जागा, वेळ आणि सही. डोळ्यांवर झोप असते, तरी ही नोंद उद्यावर टाकण्याची सवलत नसते.

आता ज्या पालकांना आणि विद्यार्थ्यांना अशा अभ्यासक्रमासाठी कित्येक लाख रुपये मोजण्याचा विचार करावयाचा असेल, त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली ही की, ताडोबाच्या भोवतालच्या गावांत लाळ्या-खुरकुताची लस टोचणाऱ्या सरकारी पशुवैद्यकाबरोबर एक हंगाम हिंडल्यावाचून, आणि नागपूरच्या गोरेवाड्यातील वन्यप्राणी केंद्रात काय चालते हे पाहिल्यावाचून परदेशाचा विचार करू नये; त्या अनुभवावाचून तेथील हौद कळावयाचा नाही. दुसरी ही की, पैसे भरण्यापूर्वी आयोजकांकडून दैनिक कार्यक्रमाचा तक्ता मागवून घ्यावा, आणि त्यात गेंड्यांचे, सिंहांचे व हेलिकॉप्टरचे दिवस किती आहेत हे न पाहता गुरांच्या हौदाचे आणि शवविच्छेदनाचे दिवस किती आहेत ते पाहावे. ते नसतील तर ती सहल आहे. सहल म्हणून जावयाचे असेल तर खुशाल जावे, पण तिला शिक्षणाचा दर द्यावयाचे कारण नाही.